३०१८ सीएनसी: स्वस्तात काय मिळतं आणि कुठे अडतं

घरच्या टेबलावर मावणारं, हौशी माणसाला परवडणारं सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेने कोरणारं-कापणारं यंत्र) म्हटलं की बहुतेकांचा शोध एकाच नावापाशी येऊन थांबतो: ३०१८. हे कुठल्या एका कंपनीचं मॉडेल नव्हे. ३० बाय १८ सेंटीमीटर कामाची जागा, म्हणून ३०१८. उंचीत हालचाल साधारण ४५ मिलिमीटर. एकाच आराखड्यावर डझनभर विक्रेते आपापली नावं चिकटवून हे मशीन विकतात. आपल्याकडे ऑनलाइन किंमत विक्रेत्यागणिक साधारण १२ ते २० हजारांच्या दरम्यान पडते. लेझर जोडलेला संच त्याहून महाग.

निकाल आधीच सांगून टाकतो. सर्किट बोर्ड खोदायचे असतील, लाकडावर-ॲक्रिलिकवर नावपाट्या कोरायच्या असतील, रबरी शिक्के किंवा छोटे साचे करायचे असतील आणि मुख्य म्हणजे सीएनसी शिकायचं असेल, तर पैसे वसूल. जाहिरातीतलं ‘ॲल्युमिनियम कापते’ हे वाक्य वाचून घेणार असाल तर घेऊ नका.

सगळा कमकुवतपणा कुठे आहे ते खोक्यातले भाग मांडले की दिसतं. सांगाडा २० बाय २० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा, स्वस्त आवृत्तीत बाजूच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या किंवा बेकेलाइटच्या. सरकते भाग १० मिलिमीटरच्या गोल दांड्यांवर चालतात आणि या दांड्या फक्त दोन टोकांना धरलेल्या असतात. मधोमध बोटाने दाबलं तर लवतात, डायल गेज लावला तर ते आकड्यात दिसतं. दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे १० ऐवजी १२ मिलिमीटरची दांडी असती तर तो दुपटीहून थोडा जास्त मिळाला असता. हे दोन मिलिमीटर कारखान्याने वाचवले आणि त्याची किंमत आपण प्रत्येक कटमध्ये भरतो. म्हणून या मशीनवर खोल कट घ्यायचाच नाही. उथळ कट, जास्त फेऱ्या. घाई असेल त्याने बाहेरून काम करून घ्यावं.

साइनस्मार्टच्या जेनमित्सू मालिकेतलं ‘३०१८-प्रोव्हर’ हे त्यातल्या त्यात शहाणं रूप. सांगाडा पूर्ण ॲल्युमिनियमचा, लिमिट स्विच (सरकता भाग टोकाला पोचल्याचं सांगणारे) बसवलेले, आणीबाणीचं लाल बटणही आहे. साध्या ‘प्रो’ मॉडेलला यातलं काहीच नसतं. फरकाची रक्कम परवडत असेल तर ती लेझरवर न घालता इथे घाला.

जोडणीला पहिल्यांदा तीन-चार तास धरा. सूचनापत्रक चित्रांचं असतं आणि ते बहुधा पुरतं. त्यात नसतं ते असं: सांगाड्याचे स्क्रू आधी हाताने नुसते बसवायचे, मग सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून दोन्ही कर्ण मोजायचे. कर्णांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर कोपरा ठोकून सरळ करायचा आणि मगच पान्हा आवळायचा. उभ्या खांबांना गुण्या लावून बघा. स्पिंडल, म्हणजे कापणारा बिट फिरवणारी मोटर, खाली येताना टेबलाशी काटकोनात नसेल तर सपाट केलेल्या पृष्ठभागावर प्रत्येक पट्ट्याची एक कड उंच राहते, बोट फिरवलं की पायऱ्या लागतात.

लीड स्क्रू (सरकत्या भागाला पुढे-मागे नेणारा आट्यांचा दांडा) बसवताना त्याला मोटरशी जोडणारा कपलर शेवटी आवळायचा. सरकता भाग मोटरच्या टोकाला नेऊन ठेवा म्हणजे स्क्रू आपोआप मध्यावर येतो, आणि मग कपलर घट्ट करा. उलट क्रमाने केलं तर स्क्रू दर फेऱ्याला वळवळतो आणि सरळ रेघेत बारीक लाट येते. पितळी नटाच्या जोडीत मध्ये स्प्रिंग असते. ती दाबूनच बसवायची, कारण पुढे-मागे होतानाचा ‘प्ले’ (ढिलेपणा) खाऊन टाकणं हे तिचंच काम. बरेच जण ती विसरतात आणि मग गोल कोरला की चारही बाजूंना चपटा येतो.

दोष ओळखण्याचं गणित इथेच सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल. गोलाला चार ठिकाणी सपाट जागा दिसल्या तर बॅकलॅश, म्हणजे तोच ‘प्ले’. चर बिटाच्या मापापेक्षा रुंद पडला, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरच्या बिटाने ३.४ चा, तर बिट वाकडा फिरतोय. नक्षी निम्मी बरोबर आणि तिथून पुढे सगळीच्या सगळी एका बाजूला सरकलेली असेल तर मोटरने स्टेप (फिरण्याचे ठरलेले बारीक टप्पे) सोडल्या: कट खोल होता, वेग जास्त होता किंवा वायर कुठेतरी अडकली. या तीन दोषांचे उपाय वेगळे आहेत. सॉफ्टवेअरमधले आकडे फिरवून त्यातला एकही बरा होत नाही.

आकड्यांचा मोह मात्र मोठा असतो. कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल हे मुक्त सॉफ्टवेअर चालतं. मशीनला आज्ञा पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत `$$` टाइप केलं की सगळ्या सेटिंग्ज समोर येतात. पहिलं काम म्हणजे ती यादी जशीच्या तशी फाइलमध्ये जतन करणं. `$१००`, `$१०१`, `$१०२` हे तीन अक्षांचे दर मिलिमीटरला लागणारे स्टेप. या मशीनवर तिन्ही ८०० असतात आणि ते कुठून आले ते कळून घ्या: मोटरचे २०० स्टेप, मोटर चालवणाऱ्या चिपने (ड्रायव्हरने) दर स्टेपचे केलेले १६ भाग, आणि एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकणारा स्क्रू. २०० गुणिले १६ भागिले ४. ‘कॅलिब्रेशन’ म्हणून ८०० चा ८०६ करणारे सल्ले जागोजाग सापडतील. स्क्रू ४ मिलिमीटरचाच असेल तर ८०० बरोबर आहे. माप कमी भरतंय ते बॅकलॅशमुळे. स्क्रू बदलून ८ मिलिमीटर लीडचा घातला तरच तो आकडा ४०० करायचा.

एखादा अक्ष उलटा चालला तर वायरी उपटत बसू नका. `$३` मध्ये एक्ससाठी १, वायसाठी २, झेडसाठी ४ अशी किंमत असते. जे अक्ष उलटे करायचे त्यांच्या किमतींची बेरीज करून एकच आकडा भरायचा. आणि मशीनला वीज असताना स्टेपर मोटरचा प्लग कधीही काढायचा नाही, त्यात ड्रायव्हरची चिप जाते. या बोर्डवर ड्रायव्हर बहुतेक वेळा थेट सोल्डर केलेले असतात, म्हणजे चिप गेली की बोर्डच गेला.

संगणकाने मशीन ओळखलंच नाही तर सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) टाकायचा राहिलाय. जोडणीचा वेग (बॉड रेट) ११५२०० ठेवा. काम अर्ध्यावर असताना जोडणी तुटते, ही या मशीनबद्दलची सर्वांत जुनी तक्रार आहे. स्पिंडलची ७७५ मोटर ब्रशची असते, ब्रशच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट यूएसबी केबलमध्ये शिरतो आणि संगणक पोर्ट सोडून देतो. सोबत येणारी केबल फेकून द्या. दीड मीटरच्या आतली, शील्ड असलेली, दोन्ही टोकांना फेराइटची गाठ असलेली केबल घ्या, आणि मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. खर्च शंभर-दोनशे रुपयांत आटोपतो. लॅपटॉपची झोप बंद करायला विसरू नका, नाहीतर दोष बिचाऱ्या मोटरला लागतो.

स्पिंडलबद्दल विक्रेते फेऱ्यांचा आकडा ७ हजारांपासून १० हजारांपर्यंत काहीही लिहितात. तो वजन नसतानाचा आकडा. खरी अडचण आहे कोलेट (बिट पकडणारा चिमटा) धरणाऱ्या ईआर११ नळीची. ती मोटरच्या ५ मिलिमीटर दांड्यावर बाजूच्या बारीक स्क्रूंनी अडकवलेली असते. स्क्रू एका बाजूने आवळले की नळी दुसऱ्या बाजूला सरकते आणि बिटाचं टोक गोल फिरण्याऐवजी लहानसं वर्तुळ काढू लागतं. उपाय म्हणजे नळी थोडी गरम करून दांड्यावर सरकवायची आणि स्क्रू आळीपाळीने थोडे-थोडे आवळायचे. कोलेट बदलताना तो आधी नटमध्ये टिचकन बसवायचा, मग नट नळीवर चढवायचा. नुसता कोलेट नळीत टाकून वरून नट फिरवला तर तो कधीच सरळ बसत नाही. यावर नवशिक्यांचे किती बिट मोडतात याचा हिशेब बिट विकणाऱ्यांनाच ठाऊक.

टेबलावर थेट जॉब (कोरायचा तुकडा) बांधू नका. आधी ६ ते ९ मिलिमीटरचा एमडीएफ स्क्रूने टेबलाला बसवा आणि मशीनकडूनच तो ०.२-०.३ मिलिमीटर तासून घ्या. आता तो पृष्ठभाग मशीनच्या हालचालीला समांतर झाला. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, एमडीएफ ओल धरून फुगतो. जूनमध्ये सपाट केलेला पाट ऑगस्टपर्यंत तसाच राहत नाही. हंगाम बदलला की पुन्हा एक हात फिरवायचा. दांड्यांवर गंज धरू नये म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात पुरतो. घट्ट ग्रीस लावू नका, त्यात भुसा बसून लगदा होतो.

सोबत येणाऱ्या चार पकडी उंच असतात आणि स्पिंडलचा नट त्यांवर आपटतो. पातळ जॉबला त्याहून सोपी युक्ती: एमडीएफवर आणि जॉबच्या पाठीला मास्किंग टेप लावायची आणि दोन टेपच्या मध्ये फेविक्विकचे चार-पाच थेंब टाकून दाबायचं. सर्किट बोर्डला याहून चांगली पकड नाही, आणि काम झाल्यावर टेप ओढली की सगळं स्वच्छ.

सर्किट बोर्डात या मशीनची खरी कमाई आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळू. किकॅडमध्ये बोर्ड आखा, त्याची गर्बर फाइल (बोर्डाचा आराखडा) फ्लॅटकॅममध्ये उघडा, तिथून जी-कोड (मशीनच्या हालचालींच्या आज्ञा) काढा आणि कँडलमधून मशीनला पाठवा. तिन्ही फुकट मिळतात. तांब्याची बाजू खालची असेल तर फ्लॅटकॅममध्ये आरसा करायचा. हे विसरलेला बोर्ड दिसायला इतका सुरेख येतो की चूक आयसी बसवतानाच लक्षात येते.

बिट घ्यायचा ३० किंवा २० अंशांचा, ०.१ मिलिमीटर टोकाचा व्ही-बिट. चराची रुंदी टोक अधिक खोलीवर ठरते. ३० अंशांच्या बिटाने ०.१ मिलिमीटर खोल गेलात तर चर ०.१५ चा. बोर्डाला बाक आहे म्हणून एका कोपऱ्यात तोच बिट ०.३ खोल गेला तर चर ०.२६ चा होतो, आणि शेजारचा बारीक ट्रेस (तांब्याची वाट) गायब. तांब्याचा थर जेमतेम ३५ मायक्रॉनचा, आणि १०० मिलिमीटरच्या बोर्डाला चिमूटभर बाक असतोच. त्यामुळे पृष्ठभागाचा नकाशा काढल्याशिवाय खोदायचं नाही. कंट्रोलर बोर्डवरच्या ए५ (प्रोबच्या) पिनची एक वायर मगरचिमट्याने बिटाला, ग्राउंडची दुसरी तांब्याला. कँडलमधला हाइटमॅप १०० बाय ६० च्या बोर्डावर दहा-दहा मिलिमीटरवर घेतला तर ७७ ठिकाणी बिट टेकवून उंची मोजली जाते. सुरू करण्याआधी बिट हवेत असताना वायर हाताने तांब्याला टेकवून प्रोब लागतोय याची खात्री करा. वायर सुटलेली असेल तर बिट थांबायची वाट न बघता बोर्डात शिरतो. ‘अलार्म ४’ आला तर प्रोब आधीच टेकलेला आहे, ‘अलार्म ५’ आला तर ठरलेल्या अंतरात टेकलाच नाही. कुलूप `$एक्स` ने उघडतं.

खोदताना खोली ०.०८ ते ०.१, वेग मिनिटाला १०० ते २०० मिलिमीटर. भोकं ०.८ ची, पिनहेडरला १ मिलिमीटर. १.६ च्या बोर्डातून १.८ पर्यंत खाली जा. बाहेरची कड ०.४-०.५ च्या थरांत कापा आणि तीन-चार ठिकाणी पूल (न कापलेल्या छोट्या जागा) सोडा, नाहीतर शेवटच्या फेरीत सुटलेला बोर्ड बिट मोडून जातो. ट्रेस ०.४ आणि अंतर ०.३ ठेवलंत तर दहातले नऊ बोर्ड पहिल्या खेपेत निघतील. ०.८ पिचची (दोन पायांमधलं अंतर) चिप नीट तयारी असेल तर जमते; ०.५ पिचच्या नादी लागू नका, ते बोर्ड कारखान्यातून मागवणं स्वस्त.

आणि धूळ. एफआर४ बोर्डात काचेचे तंतू असतात, ते फुप्फुसात जाण्याची वस्तू नव्हे. घरात काम करणाऱ्याने तपकिरी फिनॉलिक बोर्ड, म्हणजे एफआर१ किंवा एफआर२ वापरावा. बिटही जास्त टिकतो. एफआर४ च लागणार असेल तर एन-९५ मास्क, आणि धूळ झाडूने नव्हे, ओल्या फडक्याने.

लाकडात गणित सोपं आहे. ३.१७५ च्या दोन धारांच्या सपाट बिटाने एमडीएफ आणि पाइनमध्ये ०.५ ते १ मिलिमीटर खोली, मिनिटाला ५०० ते ६०० मिलिमीटर. फार हळू चालवलं तर बिट कापत नाही, घासतो; लाकूड करपल्याचा वास आणि पिठासारखा भुसा ही त्याची खूण. आपल्याकडच्या लाकडांत शिवण कोरायला गोड, सागवान देखणं पण त्यातली सिलिका धार लवकर मारते. ॲक्रिलिक घेताना ‘कास्ट’ मागा. एक्स्ट्रूडेड ॲक्रिलिक वितळून बिटाभोवती गोळा होतं. त्यासाठी एका धारेचा बिट, अर्धा मिलिमीटर खोली आणि एका जागी रेंगाळायचं नाही.

ॲल्युमिनियम? एका धारेच्या बिटाने, ०.०५ ते ०.१ च्या थरांत, थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० शिंपडत एखादी नावपट्टी कोरता येते. ५ मिलिमीटरच्या पट्टीतून ब्रॅकेट कापायचा तर पन्नासच्या वर थर झाले. त्यापेक्षा हॅकसॉ आणि कानस बरी.

सॉफ्टवेअरमध्ये नवशिक्याला अडवणाऱ्या दोनच गोष्टी. फ्यूजन किंवा फ्रीकॅडमधून फाइल काढताना पोस्ट-प्रोसेसर (फाइल मशीनच्या भाषेत बदलणारा भाग) जीआरबीएलचाच निवडा. नाहीतर टूल बदलायचा एम६ किंवा ड्रिलिंगचा जी८१ येतो आणि मशीन ‘एरर २०’ दाखवून बसतं. दुसरी, स्पिंडलचा वेग. `$३०` मध्ये (कमाल वेगाचा आकडा) १००० असेल आणि फाइलमध्ये एस१०००० लिहिलं असेल तर मोटर कायम पूर्ण वेगानेच फिरणार, सरकपट्टी कितीही हलवा.

लेझरच्या संचाबद्दल थोडक्यात. निळा, ४४५-४५० नॅनोमीटरचा लेझर पारदर्शक ॲक्रिलिक कापत नाही, आरपार जातो. पीव्हीसी किंवा रेक्झिनवर तो मारायचा नाही, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी आम्लधूर निघतो आणि तो मशीनही गंजवतो. सोबत येणाऱ्या हिरव्या चष्म्यावर डोळे सोपवू नका. ४५० नॅनोमीटरसाठी ओडी (प्रकाश अडवण्याची क्षमता) ४ किंवा जास्त असं लिहिलेला, नामांकित बनावटीचा चष्मा घ्या. काम लेझरवर करताना `$३२` (लेझर मोड) ला १, स्पिंडलवर परतताना ०. लहान मुलं असलेल्या घरात उघड्या सांगाड्यावर लेझर नकोच.

वीज जाणं हा आपल्याकडचा स्वतंत्र विषय. साध्या मॉडेलला लिमिट स्विच नाहीत, त्यामुळे वीज गेली की मशीनला आपण कुठे होतो ते आठवत नाही. एमडीएफवर एका कोपऱ्यात काटकोनी पट्टी कायमची ठोकून ठेवा, जॉब नेहमी तिलाच टेकवा आणि झीरो (मोजणीचा सुरुवातीचा बिंदू) तिथूनच घ्या. मग वीज आल्यावर पुन्हा त्याच जागी झीरो घेऊन, फाइलच्या सुरुवातीच्या ओळी ठेवून, झालेल्या ओळी गाळून पुढे चालवता येतं. मशीन आणि संगणक दोन्ही एका छोट्या यूपीएसवर असतील तर ही वेळच येत नाही. लाल बटण नसेल तर २४ व्होल्टच्या वायरमध्ये हाताशी येईल असा जाड स्विच बसवा. तो पहिल्याच आठवड्यात लागतो.

आवाजाची तक्रार शेजारच्या फ्लॅटमधून येईल. प्लायच्या पेटीत मशीन ठेवलं तर आवाज आणि भुसा दोन्ही आवरतात, फक्त ७७५ मोटर तापते म्हणून हवेला भोकं सोडा आणि तासाभराने विश्रांती द्या. या मोटरचे ब्रश झिजतात. जादा मोटर घरात असू द्या.

मशीनच्या किमतीवर आणखी तीन हजार बाजूला ठेवा. त्यात दहा व्ही-बिट, चार-पाच सपाट बिट, कार्बाइडची बारीक ड्रिल, चांगली यूएसबी केबल, डायल गेज आणि एमडीएफचे तुकडे बसतात. तारा, कपॅसिटर, तांब्याचे बोर्ड पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला. डायल, कोलेट, बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला हातात घेऊन, तपासून घेता येतात. कोलेट तर पाहूनच घ्यावा.

फर्निचरचे भाग, दारावरची मोठी नक्षी किंवा विकायला रोजचं उत्पादन डोक्यात असेल तर हे मशीन नका घेऊ. तिथे ४० बाय ४० सेंटीमीटरची जड सांगाड्याची मशीन, किंवा बॉल स्क्रू आणि सपाट रेलवाली ६०४० लागते. मोठा स्पिंडल लावून ३०१८ ला ताकदवान करण्याचा विचार सोडून द्या. मकिटासारखा ७१० वॅटचा ट्रिमर राउटर तिच्या झेड अक्षावर लटकवला तर दहा मिलिमीटरच्या त्या दोन दांड्या आधी त्याच्या वजनाने वाकतील, कटचा प्रश्न नंतर.